नवमीचं मुखपृष्ठ

बाबा माझ्याशी बोलत नव्हते, त्या दिवसांतली ही गोष्ट. म्हणजे बोलायचे, पण आईच्या मार्फत. मी त्यांच्या समोरच ताटावर बसलेली असायची आणि ते आईला म्हणायचे, "तिले सांग, उठली की पंखा बंद कर." आई माझ्याकडे बघायची, मी उठून पंखा बंद करायची. मलाही काही सांगायचं असलं की मी आईलाच सांगायची, "बाबांना विचार, दुकानातून येताना दूध आणता का." घर दोन खोल्यांचं. कुजबुजलं तरी शेजारी ऐकू जाईल अशा भिंती. तिथे हे टपालखातं पावसाळाभर चाललं. सगळ्यांत जास्त जाच झाला तो आईला. ती बिचारी पोळी लाटता लाटता दोन्हीकडचे निरोप पोचवायची आणि मधूनच चिडून म्हणायची, "मले पगार द्या गा आता दोघं मिळून."

भांडणाचं कारण माझी नोकरी. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी काउंटरवर बसत होते. बाबा गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात कामाला होते. तिथल्या एका जुन्या गिऱ्हाइकाजवळ शब्द टाकून त्यांनी मला ही नोकरी लावून दिली होती. यवतमाळ, गडचिरोलीकडून पहाटेच्या गाडीने आलेले पेशंट एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या छातीशी धरून बाकांवर बसलेले असत आणि मी नंबरच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे त्यांचे चेहरे काढत बसे. काम वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. पण घरी येताना रोज वाटायचं की आजचाही दिवस कुणा दुसऱ्याचाच होता. एक दिवस मी राजीनामा देऊन आले. बाबांना आधी विचारलं नाही. त्यांनी आयुष्यात फार थोड्यांजवळ शब्द टाकला होता, त्यातला एक मी खाली पाडला, असं त्यांना वाटलं. ते ओरडले नाहीत. नुसतं बोलणं थांबवलं.

आम्ही विणकर. म्हणजे आजोबांपर्यंत नक्की आणि बाबांच्या निम्म्या वयापर्यंत. समोरच्या खोलीत पूर्वी खड्डामाग होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला. माग विकल्यावर खड्डा बुजवला आणि वरून फरशी घातली, पण तेव्हा जुन्या रंगाची फरशी मिळाली नाही. त्यामुळे खोलीच्या मधोमध एक चौकोन वेगळ्याच तांबूस रंगाचा होता आणि पावसाळ्यात तेवढाच दमट व्हायचा. मी माझं टेबल नेमकं त्याच चौकोनावर मांडलं होतं, कारण खिडकीचा उजेड तिथेच पडायचा. मागच्या गल्लीत कुणाचातरी एक यंत्रमाग अजून चालू होता. दिवसभर त्याची खटखट यायची, त्यात आईच्या शिलाई मशीनची घरघर मिसळायची. आई आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. आता माझ्या घरात फार शांतता असते आणि ती मला अजूनही नीट सोसत नाही. काम करताना मी उगाच रेडिओ लावून ठेवते.

माझं काम होतं पुस्तकांच्या मुखपृष्ठांचं. सदर भागात मुकुंदराव नावाचे एक प्रकाशक होते. कोणे एके काळी बसस्टँडवर, स्टेशनवर मिळायच्या तसल्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथांची एक जुनी मालिका त्यांनी नव्याने छापायला घेतली होती. पुस्तकं नवी, पण रूप जुनंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "हातात घेतलं की वाचणाऱ्याला बसची वाट बघत उभं असल्यासारखं वाटलं पाहिजे," असं ते म्हणायचे. त्यांनी मला जुन्या प्रतींची एक पिशवी दिली होती. कान दुमडलेली, वाळवीने चाखलेली ती पुस्तकं मी घरी आणली तेव्हा आईने ती आधी उन्हात घातली. मुखपृष्ठांवर तिरक्या पिवळ्या अक्षरांतली नावं, खाली घाबरलेली बाई, तिच्यामागे हॅट घातलेल्या माणसाची सावली. नागपूरच्या उन्हात हॅट आणि ओव्हरकोट घालून खून करायला कोण निघत असेल, हा प्रश्न तेव्हाच्या चित्रकारांना पडला नसावा. मला ती चित्रं वेड लावून गेली.

माझ्याजवळ सामान काय होतं? सेकंडहँड लॅपटॉप, एकदाच पैसे भरून कायमचं मिळालेलं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर, आणि पेन टॅब्लेट. टॅब्लेट म्हणजे काळी सपाट पाटी. तिच्यावर पेन फिरवलं की रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटते. कोपऱ्यात ओरखडा असलेली ती पाटी मी एका कॉलेजच्या पोराकडून घेतली होती. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं दर महिन्याला भाडं मागत, ती माझ्यासाठी नव्हतीच. पण गंमत अशी की जुनं दाखवायला महागाचं काही लागतच नाही. त्या काळी छपाईत रंग एकावर एक नीट बसत नसत. ओठांचा लाल जरासा गालावर यायचा, साडीचा निळा काठाबाहेर सांडायचा. मी प्रत्येक रंग वेगळ्या थरावर काढायची आणि मग एकेक थर मुद्दाम केसभर सरकवायची. कागद जुना दिसावा म्हणून खाकी कागद चहात बुडवून गच्चीवर वाळवायची, मोबाईलने त्याचा फोटो काढायची आणि तो चित्रावर पातळ पांघरायची. आई दोरीवरचे ते कागद बघून म्हणायची, "आपल्याले चहा कमी पडून राहिला आन् ही कागदाले पाजून राहिली."

मुकुंदरावांनी पहिलं मुखपृष्ठ परीक्षा म्हणून दिलं होतं. ते पसंत पडलं तर सगळी मालिका माझी, नाहीतर इंदूरचा एक चित्रकार त्यांच्याजवळ तयार होता. घरातही निकाल ठरलेला होता. आईमार्फत तो माझ्यापर्यंत आला होता : "तिले सांग, दिवाळीपर्यंत काय ते करून घे. नाही जमलं त मी पुन्हा त्या मानसाचे पाय धरतो आन् दवाखान्यात जा म्हना गुपचूप." बाबांनी पाय धरायचे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. त्यामुळे त्या एका बाईच्या, तिच्या हातातल्या टॉर्चच्या आणि मागच्या सावलीच्या चित्रावर माझं पुढचं सगळं अडकलं होतं. मी ते किती वेळा पुसून पुन्हा काढलं ते विचारू नका. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी एकदाचं पाठवून दिलं.

नवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. माग गेला तरी पूजा गेली नव्हती. बाबा त्या दिवशी रजा घेत, आंघोळ करून पाट मांडत आणि त्यावर आजोबांचा धोटा ठेवत. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावतो तो सूत भरलेला लाकडी तुकडा. हाताळून हाताळून तो तुकतुकीत झाला होता. शेजारी आईची कात्री. आईची मशीन जड, तिला जागेवरच हळदकुंकू. आणि नियम असा की एकदा पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. आई त्या दिवशी कुणाच्या साडीचा निघालेला टाकासुद्धा घालून देत नसे.

त्या सकाळी मी आंघोळ करून केस पुसत असताना मुकुंदरावांचा फोन आला. त्यांचा आवाज घाईचा होता. "चित्र झकास आहे," ते म्हणाले, "पण बाईचा चेहरा आजचा वाटतो. भुवया, डोळे पुन्हा काढ. आणि नावाची अक्षरं अजून मोकळी पाहिजेत, हाताने रंगवल्यासारखी. संध्याकाळी प्रेसवाला मशीन पुजून बंद करणार आहे, त्याच्या आत छपाईची प्लेट झाली पाहिजे." तासाभराचं काम. मी हो म्हटलं आणि टेबलाकडे गेले. लॅपटॉप होता. पाटी आणि पेन नव्हतं.

ती देवाजवळ होती. पाटावर लाल खण, खणावर धोटा, कात्री आणि त्या दोघांच्या मधे माझी काळी पाटी. तिच्यावर कुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल, बाजूला पेन सरळ ठेवलेलं, त्यालाही हळदीचा ठिपका. मी आईकडे बघितलं. तिने चुलीसमोरूनच हात हलवले. "मी नाही ठेवलं वं. मले काय समजते त्यातलं? त्यायनंच पुसून-बिसून ठेवलं."

मी तिथे किती वेळ उभी राहिले कोण जाणे. महिनोन्महिने हा माणूस माझ्या कामाला 'तिचं ते खेळनं' म्हणत होता. आणि आज न बोलता, न विचारता, त्याने ते खेळणं स्वतःच्या बापाच्या धोट्याशेजारी बसवलं होतं.  मला इतका आनंद झाला होता आणि त्याच क्षणी मला दरदरून घाम फुटला होता. कारण आता ती पाटी मला उचलता येणार नव्हती.

आधी मी बोटाने करून बघितलं. लॅपटॉपच्या खालच्या चौकोनावर बोट फिरवून भुवई काढली, ती बाईच्या कपाळावर गोम बसल्यासारखी दिसायला लागली. शेजारच्या पोराचा माउस मागून आणला. त्याने अक्षरं काढली तर ती हाताने रंगवलेली नाही, पायाने रंगवलेली वाटली. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून खाली उतरलं. बाबा खाटेवर पेपर धरून बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. फोन पुन्हा वाजला. मुकुंदराव म्हणाले, "काय झालं? पाठवतेस ना?"

मी मान वर केली नाही. "सर, उद्या दुपारी दिलं तर चालेल? उद्या सोनं वाटून झालं की लगेच देते."

"उद्या? प्रेसची पूजा आहे म्हणून तर आज पाहिजे म्हणतोय."

"माझंही पूजेला बसलंय, सर."

ते हसले. वाईट हसले नाहीत, नुसतं गंमत वाटून हसले. "अगं, प्रेसची गोष्ट वेगळी. ते मशीन आहे. तुझी कसली पूजा?"

"हत्यार आहे माझं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "बाबांनी पुजलंय. मी नाही उचलू शकत."

 मग ते म्हणाले, "बघ बाई. मी मग इंदूरला फोन करतो. माझं अडून चालणार नाही." आणि फोन बंद झाला. मी तशीच बसून राहिले. मला रडायला येत होतं आणि राग येत होता. देवाचा, मुकुंदरावांचा, त्या हॅटवाल्या सावलीचा आणि सगळ्यांत जास्त बाबांचा. अख्ख्या वर्षात माझं काम ओळखायला त्यांना हाच दिवस सापडला होता!

आईने ताटं मांडली. नवरात्राचा गोळाभात होता, डाळीचे गोळे घातलेला, लसणाशिवायचा, वर कडकडीत फोडणी ओतलेला, आणि कढी. एरवी फोडणीचा तो चर्र आवाज झाला की मी हातातलं टाकून यायची. त्या दिवशी घास फिरत होता. बाबांनी एक गोळा कुस्करला आणि आईला म्हणाले, "तिले विचार, कितीक वेळाचं काम होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. "तासाभराचं," मी कढीच्या वाटीला सांगितलं.

 मग बाबा पुन्हा आईलाच म्हणाले, "तिले सांग, माह्यावर बी आली होती अशी वेळ. व्यापारी आला होता नवमीले, दारात उभा. दसऱ्याले त्याच्या घरी लगन-बिगन ठरत होतं, त्याले लुगडं पाहिजे होतं. दोन वीत राह्यलं होतं विनायचं. धोटा पाटावर. मी म्हटलं, उद्या. तो गेला. मंग पुन्हा नाही आला. दुसऱ्या विनकराले धरलं त्यानं, वर्षभराचं काम त्याले देल्लं. आन् मंग..." त्यांनी डाव्या हाताने माझ्या टेबलाखालच्या तांबूस चौकोनाकडे दाखवलं.

माग विकला गेला तो कापडाच्या मंदीने, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. खरं कारण मंदी असेलही. एका लुगड्याने कुणाचा माग जात नाही, हे मला आज कळतं आणि बाबांनाही ते कळत असणार. पण माणूस आपल्या नुकसानीला एक दिवस नेमून देतो आणि मग तोच दिवस आयुष्यभर उलटून पालटून बघत राहतो.

"तिले सांग," बाबा म्हणाले, "म्या उचलला असता त काय झालं असतं, हे मी अजून..."

"मी नाही सांगत!" आईने पळी भांड्यात आपटली. आम्ही दोघंही दचकलो. "पोरगी बसली हाये समोर. कान हायेत तिले. सांगाचं असन त सांगा, नाही त राहू द्या. मी गच्चीवर चालली." आणि ती खरंच अर्धं ताट टाकून निघून गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज वर वर जात थांबला.

आम्ही दोघं उरलो. निरोप न्यायला कुणी नव्हतं. बाबांनी हात धुतला. पंच्याला पुसला. मग देवाजवळ जाऊन उकिडवे बसले. त्यांनी नमस्कार केला, बराच वेळ. काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही. आधी झेंडूचं फूल उचलून धोट्यावर ठेवलं, मग दोन्ही हातांनी पाटी उचलली.  जन्मात पहिल्यांदा ते पूजेतलं हत्यार हलवत होते आणि मला भीती वाटली की पाटी पडेल. त्यांनी पंच्याच्या टोकाने कुंकू पुसलं, ती टेबलावर आणून ठेवली, शेजारी पेन ठेवलं, आणि खाटेवर न जाता माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले.

मी मुकुंदरावांना फोन लावला. म्हटलं, पाठवते. ते म्हणाले, "पाठव, पण मी तिकडे बोलून बसलोय. बघतो." एवढ्यावर मी पेन हातात घेतलं. पेनाला हळद होती, ती बोटांना लागत होती. भुवया बारीक आणि उंच कमानीच्या केल्या. पापण्यांवर काजळाची जाड रेघ ओढली. हनुवटीखाली सावली दिली. बाई हळूहळू त्या जुन्या काळात सरकू लागली. अक्षरं मी एका दमात काढली, कुंचला घाईत फिरवल्यासारखी, शेवटच्या काना-वेलांटीला शेपटी देऊन. मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता. मी लालचा थर सरकवला तेव्हा त्यांनी एकदम पुढे वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं. तोंडाने काही बोलले नाहीत, पण बोट सांगत होतं की इथे चुकलं, रंग बाहेर आला. मी पिशवीतली एक जुनी प्रत काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, त्या मुखपृष्ठावरच्या बाईच्या गालावरचा लाल बघितला, मग माझ्या बाईच्या गालावरचा. पुन्हा पुस्तक, पुन्हा स्क्रीन. आणि बोट मागे घेतलं.

चित्र पाठवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई खाली आली होती आणि उंबऱ्यात उभी होती. तिने पाटावरची रिकामी जागा बघितली, हात जोडले. मागच्या गल्लीतला यंत्रमागही त्या दिवशी पूजेला बसलेला, त्यामुळे कधी नाही ती शांतता होती. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. फोन वाजला की मी झडप घालायची, आणि तो आईच्या गिऱ्हाइकाचा निघायचा. शेवटी आला तो मुकुंदरावांचा निरोप, लेखी. मी तो दोनदा वाचला. मुखपृष्ठ उत्तम, प्रेसला गेलं, पुस्तकावर तुझं नाव येईल. मात्र बाकीची मालिका इंदूरला गेली. शब्द दिला गेला होता, आता फिरवता येत नाही.

शब्द देणं म्हणजे काय ते मला आमच्या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती. मी फोन उपडा ठेवला. "हे एक घेतलं," मी म्हटलं. कुणाला म्हटलं तेही मला कळलं नाही. "बाकीचं काम गेलं."

मला बाबांकडे बघवेना. ज्या नियमापायी त्यांचा माग गेला असं ते मानत होते, तो नियम त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने मोडला होता, आणि तो मोडूनही काम गेलं होतं. आता ते म्हणतील, तिले सांग, दिवाळीची वाट कशाले पाह्यची. मी तयार होऊन बसले होते. उद्या सोनं वाटायला जाताना धंतोलीवरून जायचं, काउंटरवर अजून जागा आहे का ते विचारायचं, इथपर्यंत मी मनात पोचलेही होते.

बाबांच्या हातात अजून ती जुनी प्रत होती. त्यांनी ती मिटली, स्क्रीनवरच्या बाईकडे एकदा बघितलं. आई सवयीने पुढे झाली, निरोप पोचवायला.

"एक त घेतलं ना," बाबा म्हणाले. "बाकीचे गेले त जाऊ दे. दुसऱ्या कोनाले दाखव. उद्या सोनं वाटलं की मी येतो संगं." आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसत म्हणाले, "काय वं, हिच्या मांगं सावली कोनाची काढली तू?"

मी सांगायला लागले.